चौथ्या सकाळी गाडी उठत नाही: जुन्या गाडीत करंट कोण खातंय?

पहिली पाळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पाच महिन्यांपूर्वी मी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. अकरा वर्षं जुनी, पेट्रोल, दोन हातांतून आलेली. इंजिन गुळगुळीत चालतं, क्लच मऊ आहे, आणि माझा तिच्यावर जीव जडलाय. तक्रार एकच, पण रडकुंडीला आणणारी.

मी परिचारिका आहे. चार दिवस ड्यूटी, तीन दिवस सुट्टी असं माझं चक्र. ड्यूटीच्या दिवसांत गाडी रोज चालते आणि एकदाही दगा देत नाही. सुट्टीत ती जागेवरच उभी असते. चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, सेल्फ फिरतच नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबलने चालू केली की पुन्हा चार दिवस काही नाही. मी वेळेवर पोचले नाही तर रात्रभर वॉर्ड सांभाळलेली माझी मैत्रीण अडकून पडते. मला त्याचाच जास्त त्रास होतो.

आतापर्यंत तिघांना दाखवलं. पहिल्यांनी बॅटरी बदलायला लावली (नवी ४५ अँपिअर-अवरची आहे). पहिल्याच सुट्टीनंतर पुन्हा तेच. दुसरे म्हणतात अल्टरनेटर (गाडी चालताना बॅटरी भरणारा) गेला. तिसऱ्यांनी फोनवरच सांगितलं, ईसीएम (इंजिनचा संगणक) खराब असणार. तिघांपैकी एकानेही मीटर लावला नाही. आमच्याकडे ताप मोजल्याशिवाय तापाची गोळी देत नाहीत. इथे मात्र आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं चाललंय, म्हणून शेवटी मीच एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला आणि वॉर्डात ठेवतो तसा तक्ता ठेवला. बॅटरीच्या दोन टर्मिनलवरचे आकडे असे:

शेवटच्या ड्यूटीनंतर, गाडी बंद करून तासाभराने: १२.६४ व्होल्ट
सुट्टीची पहिली सकाळ: १२.५२
दुसरी सकाळ: १२.३४
तिसरी सकाळ: १२.१२
चौथी सकाळ: ११.८८, सेल्फ नाही

इंजिन चालू असताना १४.२. हेडलाइट, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावर १३.९.

आणखी तीन गोष्टी, संबंध आहे की नाही ते माहीत नाही. इंडिकेटर लावला की हेडलाइट त्याच तालात मिणमिणतात. डाव्या पुढच्या दाराची काच फार हळू चढते. आणि केबल लावून चालू केलेल्या सकाळी एबीएसचा दिवा थोडा वेळ लागतो, मग जातो.

आधीच्या मालकांनी टचस्क्रीन म्युझिक सिस्टीम आणि मागचा कॅमेरा बसवलाय. डाव्या पुढच्या मडगार्डचं डेंटिंग-पेंटिंग झालेलं आहे, ते त्यांनी आपणहून सांगितलं होतं.

अल्टरनेटर बदलू का?

फिरस्ता

नका बदलू. १४.२ देणारा अल्टरनेटर चार्जिंग करतोय, आणि सगळा लोड टाकूनही १३.९ म्हणजे चांगलाच. तुमची बॅटरी गाडी उभी असताना उतरतेय, चालताना नाही. काहीतरी रात्रभर चालू राहतंय.

आधी सोप्या गोष्टी बघा. डिकीत आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये मोबाइल व्हिडिओ चालू करून ठेवा, झाकण लावा, दोन मिनिटांनी काढा. आतला दिवा विझत नसेल तर व्हिडिओत दिसेल. माझ्या गाडीत डिकीचा स्विच अडकला होता आणि ते मला दोन महिने कळलं नव्हतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे मेकॅनिक स्कॅनर लावतात) एखादा डोंगल अडकवलेला असेल तर तोही काढून ठेवा.

जुना वायरमन

ताई, तुमचा तक्ता बघून बरं वाटलं. मी चौतीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. तुमच्या चार आकड्यांतून जेवढं कळतंय तेवढं बऱ्याच गिऱ्हाइकांकडून अर्धा तास विचारूनही कळत नसे.

हिशोब बघा. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर स्वस्थ असताना १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ ला साधारण पाऊण, १२.२ ला अर्धी, १२.० ला पाव. तुमची संध्याकाळी जवळजवळ भरलेली आणि चौथ्या सकाळी, म्हणजे सुमारे ८४ तासांनी, पाचव्या हिश्श्यावर आलेली आहे. ४५ पैकी ३६ अँपिअर-अवर गेले. ३६ भागिले ८४, म्हणजे ०.४ च्या थोडं वर. शिवाय रोजची घसरण जवळजवळ सारखी आहे, म्हणजे खाणारा सतत खातोय, मधूनमधून नाही. निरोगी गाडी झोपल्यावर ०.०५ अँपिअरच्या आत असते. तुमच्याकडे त्याच्या आठपट कुणीतरी ओढतंय.

आता मोजायचं कसं.

दिवसा करा, हातातली अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा. बॅटरी सोडवल्यावर म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. ज्या दाराजवळ बसून फ्यूज बॉक्स बघायचा आहे ते दार उघडं ठेवा आणि दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला. गाडीला वाटलं पाहिजे दार लागलंय. (नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ मोकळी करा, नाहीतर दार आपटून कुलूप मोडेल.) बॉनेटलाही स्विच असेल तर तसंच. चावी गाडीपासून लांब ठेवा.

निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सोडवा. पॉझिटिव्हला हात लावायचा नाही. पहिल्यांदा निगेटिव्ह का, तर निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट होऊन पाना वितळेल एवढा करंट जातो.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, डायल डीसी १० अँपिअरवर. लाल पिन सोडवलेल्या केबलला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. आता गाडीचा सगळा करंट मीटरमधून जातोय. या अवस्थेत इग्निशन चालू करायचं नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

आकडा सुरुवातीला मोठा येईल. घाबरू नका. केबल जोडल्याबरोबर गाडीतले सगळे कंट्रोलर, म्हणजे छोटे संगणक, जागे होतात, त्यांना झोपायला वेळ लागतो. कुठे दहा मिनिटं, कुठे पाऊण तास. बाजूला जाऊन बसा. स्थिर झाल्यावरचा आकडा खरा.

आणि काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. हे विसरून कुणी बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलं की मीटर बॅटरीला सरळ शॉर्ट करतो. माझ्या हाताखालच्या पोरांनी दोन मीटर असेच जाळले.

हेडलाइटचं मिणमिणणं हा वेगळा आजार आहे. ते अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे करंट परतण्याचा रस्ता. आधी पहिलं करा, मग त्याकडे येऊ.

वर्कशॉपवाला

काकांशी सहमत, पण एक शंका काढून टाकायला हवी. अल्टरनेटर १४.२ देतोय म्हणून तो निर्दोष ठरत नाही. आतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका असला तर चार्जिंग ठीक दिसतं आणि गाडी बंद असताना तोच अल्टरनेटर बॅटरीतून उलटा करंट ओढतो. ही गळती केबिनच्या कुठल्याच फ्यूजमधून जात नाही, म्हणून फ्यूज काढत बसणारे दिवसभर बसतात.

इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा आणि बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोडवर संशय. पण एक सावधगिरी: काही स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसी मोजलं की भलताच, २८-३० असा आकडा दाखवतात. तसं आलं तर तो मीटरचा दोष समजा.

बाकी, झोपल्यावर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की सर्किट सापडलं. अर्ध्या तासाचं काम आहे.

जुना वायरमन

डायोडचं बरोबर बोललात, ते मी लिहायचं राहिलं.

फ्यूज काढण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं. जुन्या साध्या गाड्यांत ते चालायचं. या वयाच्या गाडीत फ्यूज काढून परत लावला की त्याच्यावरचा कंट्रोलर पुन्हा जागा होतो आणि परत वीस मिनिटं थांबावं लागतं. कधी कधी तर अडकून जागा राहिलेला कंट्रोलर फ्यूज काढल्याने नीट झोपतो, आणि मग दोष दिसेनासा होतो, गेलेला नसतो. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवा. चपट्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन पिना त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य, जात असेल तर एक-दोन मिलिव्होल्ट दिसतात. कमी अँपिअरच्या फ्यूजवर तोच करंट जास्त मिलिव्होल्ट दाखवतो. म्हणून आकड्यांची तुलना करू नका, शून्य कुठे नाही एवढंच बघा.

फक्त मीटर अँपिअरवर अडकलेला असताना मिलिव्होल्ट मोजायला दुसरा मीटर लागेल. नसेल तर निगेटिव्ह केबल परत खांबाला लावा, गाडीला झोपू द्या, आणि मग त्याच मीटरने फ्यूज बघा. या कामाला करंटचा आकडा समोर असायची गरज नाही.

पहिली पाळी

काका, केलं. आधी खूप भीती वाटली, हे कबूल करते. केबल जोडल्याबरोबर ३.२ अँपिअर आला. तुम्ही आधी लिहून ठेवलं नसतं तर मी तिथेच सोडून दिलं असतं.

दर पाच मिनिटांनी लिहिलं: ३.२, १.१, १.१, ०.७, ०.४३, ०.४३, ०.४३. विसाव्या मिनिटापासून पुढे पाऊण तास ०.४३ वरून हललं नाही. तुम्ही ०.४ च्या थोडं वर म्हणाला होतात.

एसी व्होल्ट ०.०४ आले, म्हणजे डायोड ठीक ना? डिकीचा व्हिडिओ काळाकुट्ट आहे, दिवा विझतो.

मग केबल परत लावली, गाडीला झोपू दिलं आणि केबिनचा फ्यूज बॉक्स घेतला. डोक्यावर टॉर्च बांधून पालथी पडून एकेक ठिपका. सतरा फ्यूजवर ०.०. एका १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजवर १.९. मी तिथे चार वेळा मोजलं. झाकणावरच्या तक्त्यात त्याच्यासमोर लिहिलंय: रूम लॅम्प, ऑडिओ. रूम लॅम्प बंदच होता.

वाटेत एक गोष्ट दिसली. सिगारेट लायटरच्या जागी १५ चा फ्यूज हवा असं तक्ता सांगतो, तिथे ३० चा हिरवा बसवलेला आहे.

जुना वायरमन

तो हिरवा आजच काढा आणि निळा लावा. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. १५ च्या वायरवर ३० चा फ्यूज असला की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. कुणीतरी सतत उडणाऱ्या फ्यूजला कंटाळून हे केलंय. निळा पुन्हा उडाला तर लायटरमध्ये काय अडकवता ते सांगा.

०.०४ एसी म्हणजे डायोड ठीक. अल्टरनेटर तुमचा निर्दोष.

आता म्युझिक सिस्टीम. उद्या सकाळी, रात्रभर गाडी बंद राहिल्यावर, काही चालू न करता त्या स्क्रीनच्या कडेला हात लावून बघा.

सिस्टीमला साधारणपणे दोन पॉझिटिव्ह वायर असतात. पिवळी कायम बॅटरीवर, घड्याळ आणि आवाजाची पातळी लक्षात ठेवायला. सिस्टीम बंद असताना ती नगण्य करंट घेते. लाल चावीवर, तिच्यावर करंट आला की सिस्टीमला कळतं जागं व्हायचंय. चावी न लावता गाणी ऐकता यावीत म्हणून काही जण दोन्ही वायर एकत्र पिळून कायमच्या करंटवर टाकतात. मग स्क्रीन काळी होते, पण आतला संगणक झोपत नाही. बाहेरून बसवलेल्या टचस्क्रीनमध्ये हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पॅनेल काढण्याआधी निगेटिव्ह सोडवा. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या आवरणाचे जाडसर कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना मीटर, टेस्ट लॅम्प, काहीही लावायचं नाही.

पहिली पाळी

कोमट होती. पहाटे पाच वाजता, गाडीचं स्टिअरिंग हाताला गार लागत होतं आणि स्क्रीनची मागची कड तापाच्या पेशंटच्या कपाळासारखी कोमट. मी हात तसाच ठेवून थोडा वेळ बसले. इतके महिने ही रोज रात्री जागत होती आणि सगळे मला बॅटरी, अल्टरनेटर सांगत होते.

रविवारी पॅनेल काढलं. माझ्यासोबत शेजारचे काका होते, ज्यांच्या गाडीवरून मी इतके दिवस करंट घेत आले. मागे काळ्या टेपचा एक गोळा निघाला, चिकट आणि धुळीने माखलेला. टेप सोडवली तर आत पिवळी आणि लाल एकत्र पिळलेल्या, सोल्डर नाही, काही नाही. गाडीच्या मूळ हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) चावीवर येणारी वायर बाजूला तशीच कापून टेप लावून ठेवलेली. इग्निशन चालू करून तिच्यावर मोजलं, १२.३. बंद केलं, शून्य. लाल तिला जोडली. आधी सोल्डर, मग उष्णतेने आकसणारी स्लीव्ह. सोल्डरिंग काकांनी केलं, स्लीव्ह मी चढवली.

पुन्हा मीटर लावला. चाळिसाव्या मिनिटाला ०.०२.

आता चावी काढल्यावर गाणी बंद होतात. चालेल.

वर्कशॉपवाला

वा! फ्यूजचे ठिपके मोजायची पद्धत मीही उद्यापासून वापरतो.

बॅटरीकडे मात्र लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा एवढी खाली गेलेली बॅटरी नवी असली तरी तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. एकदा चार्जरवर रात्रभर पूर्ण भरून घ्या आणि लोड टेस्ट करा. सेल्फ मारताना टर्मिनलवर साडेनऊ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. एबीएसच्या दिव्याची काळजी नको. व्होल्टेज पडलं की ते कंट्रोलर तक्रार करतात. तरी स्कॅनर लावून जुने कोड पुसून घ्या, पुन्हा आले तर बघू.

जुना वायरमन

शाबास ताई. आता तो दुसरा आजार.

इंडिकेटरच्या तालात हेडलाइट मिणमिणतात याचा अर्थ दोघांचा परतीचा रस्ता एकच आहे आणि तो अरुंद झालाय. इंडिकेटर लागला की त्या रस्त्यावर गर्दी होते आणि हेडलाइटचा वाटा कमी होतो. तुम्ही बॅटरीवर १३.९ मोजलंत ते बरोबरच होतं. हरवलेले व्होल्ट बॅटरीवर दिसत नाहीत, वायरच्या दोन टोकांत दिसतात.

इंजिन चालू, हेडलाइट, पंखा, मागचा हीटर, सगळं लावा. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, केबलच्या क्लिपवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल पिन बॉडीच्या उघड्या धातूवर. ०.१ च्या आत हवं. मग तीच लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर लावा. इंजिनचा पंखा आणि बेल्ट यांपासून हात, ओढणी, केस लांब ठेवा. जिकडे आकडा मोठा, तिकडची अर्थची वायर खराब.

मडगार्डचं पेंटिंग झालंय म्हणालात. मी तिथून सुरुवात केली असती. बॅटरीकडून बॉडीला जाणारी वायर बऱ्याच गाड्यांत तिथेच जवळ बोल्टने आवळलेली असते.

पहिली पाळी

इंजिनकडे ०.०४. बॉडीकडे ०.७४.

बोल्ट बॅटरीच्या ट्रेखालीच होता. तो बाहेरून इतका स्वच्छ दिसत होता की मी आधी त्याला सोडूनच दिलं होतं. उघडल्यावर कळलं, वायरच्या टोकाच्या गोल कडीच्या, म्हणजे लगच्या, खाली चक्क रंग आहे. मडगार्ड रंगवताना त्यांनी बोल्टची जागाही रंगवली आणि वरून लग आवळून टाकला. करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होता. लगच्या एका बाजूला हिरवट बुरशी आणि तिथली तांब्याची टोकं काळी पडलेली.

पॉलिश पेपरने लग आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासले, आवळलं, वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला म्हणजे पत्र्याला गंज धरायला नको. पुन्हा मोजलं: ०.०३. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून इंडिकेटर लावला. भिंतीवरचा उजेड जागचा हलला नाही.

काल माझी सुट्टी संपली. आज पहाटे, चौथ्या सकाळी, आधी मीटर लावला: १२.५८. मग चावी. अर्ध्या फेरीत चालू झाली. मी पंधरा मिनिटं लवकर पोचले, मैत्रिणीने घड्याळाकडे बघितलं आणि काही न बोलता मला मिठी मारली. काका, तुम्हा तिघांचे आभार कसे मानू कळत नाही.

डावी काच मात्र अजून हळूच चढते.

जुना वायरमन

दार आणि गाडीच्या बॉडीचा खांब यांच्यामध्ये रबराची वेटोळी नळी असते, दार उघडलं की दिसते. ती खांबाकडून सोडवून मागे सरकवा आणि आतल्या वायरी एकेक वाकवून बघा. दाराच्या उघडझापीने तिथे वायरीची तार आतल्या आत तुटते, वरचं आवरण शाबूत असतं. जिथे वायर नळीसारखी पोकळ वाकेल तिथे तुटलेली. काच चढवत असताना मोटरच्या दोन वायरींवर किती व्होल्ट येतात तेही लिहा. अकराच्या वर येत असतील तर दोष वायरीत नाही, काचेच्या खाचेतल्या रबरात किंवा मोटरमध्ये आहे.

पहिली पाळी

पुढच्या सुट्टीत दाराचं पॅनेल काढते. तक्त्याचं नवं पान आखून ठेवलंय.